पेटी आणि खोकं

मिक्सर घ्यायला गेलं की दुकानदार पोऱ्याला माळ्यावर चढवतो. पोऱ्या पुठ्ठ्याचं एक खोकं खाली देतो, मालक त्यावरची धूळ फडक्याने झटकतो आणि म्हणतो, "घ्या साहेब, एकदम पेटीपॅक." हातात खोकं आणि तोंडात पेटी, पण दोघांपैकी कुणालाच त्यात काही खटकत नाही. उद्या कुणी 'खोकापॅक मिक्सर' विकायला काढला तर मात्र गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही. कुणीतरी परत केलेला, आपटलेला, सेलमधला माल असणार, अशीच शंका येईल.

म्हटलं तर दोन्ही एकच. चार भिंती, एक तळ, आत पोकळी. परक्या माणसाला समजावून सांगायचं तर पेटीचा अर्थ सांगताना खोकं आठवेल आणि खोक्याचा सांगताना पेटी. मराठी घरात मात्र सहा वर्षांचं पोरही यात गल्लत करत नाही. देवळात दानपेटी असते, दानखोकं नसतं. शाळेत तक्रारपेटी, दवाखान्यात प्रथमोपचाराची पेटी, देवघरातल्या कोनाड्यात काडेपेटी. काडेपेटी तर पुठ्ठ्याचीच, आगकाड्या संपल्या की केरात जाणारी. तरी ती पेटीच. आणि आग्र्याची सुटका घ्या. १६६६ सालची ती गोष्ट पेटाऱ्यांशिवाय सांगताच येत नाही. पेटारा म्हणजे पेटीचाच थोरला भाऊ. मिठाईची खोकी बाहेर पडली असं एकदा नुसतं म्हणून पाहा, सगळा इतिहास पडेल.

लिंगापासूनच फरक सुरू होतो. ती पेटी, ते खोकं. क्रियापदंही वेगळी. पेटी उघडायची, पेटी लावायची, पेटीला कुलूप घालायचं. खोकं फोडायचं, रिकामं करायचं, मोडून चपटं करायचं. पेटीला बिजागरी असते, झाकण तिच्या अंगाचंच असतं, त्यामुळे ती हजारदा उघडून पुन्हा मिटता येते. खोक्याला झाकण नसतं, चार पाकळ्या असतात, त्या चिकटपट्टीने एकदाच मिटतात. सुरी फिरवली की खोक्याचं काम संपलं. त्याच्या अंगावर लिहिलेलंही त्याच्या मालकाचं नसतं. 'ही बाजू वर', पावसातली छत्री, काचेचा पेला, कंपनीचं नाव. खोकं दुसऱ्याच्या वस्तूचं असतं, पेटी माणसाची असते. म्हणून तर डोकं चालत नसेल तर आई विचारायची, "डोकं आहे की खोकं?" डोकं आहे की पेटी असं विचारलं असतं तर तो चक्क मान झाला असता, पेटीत काहीतरी असतं, हे गृहीतच धरलेलं असतं.

पेटी माणसाची असते हे मी शिकलो ते आजोबांच्या पेटीवरून. आजोबा देवगड तालुक्यातून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि गिरणीत लागले. लालबाग-परळला तेव्हा गावकीच्या खोल्या असत. गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेली दहा बाय बाराची एक खोली आणि तिच्यात गावातले पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त बाप्ये. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची लागायची, त्यामुळे झोपायची जागाही आळीपाळीने. जेवण खाणावळीत, अंघोळ सार्वजनिक नळावर. अशा खोलीत माणसाचं स्वतःचं म्हणावं असं दोनच गोष्टींत मावायचं: खुंटीवरची वळकटी आणि भिंतीला लावून ठेवलेली पत्र्याची पेटी. कुणी ट्रंक म्हणत, पण गावाकडच्या तोंडात पेटीच. भिंतीलगत पेट्यांच्या चळती, तीन-तीन, चार-चार एकावर एक. सगळ्यात खालची पेटी ज्याची, त्याला धोतर काढायचं असलं की वरच्या तिन्ही उतरवाव्या लागत. त्या उतरवायच्या, पण कुणाच्या पेटीला हात लावून आत पाहायचं नाही. तेवढी एकच भिंत त्या खोलीत होती.

आजोबांची पेटी काळ्या रंगाची. दर्शनी बाजूला पांढऱ्या रंगात रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं: नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला आणि पेटी त्याच्या कितीतरी आधीची. झाकणाच्या आतल्या अंगाला कॅलेंडरातला दत्त चिकटवलेला, त्याच्या शेजारी पेन्सिलीने कुणाचे तरी हिशेब. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, तळाला वर्तमानपत्र, त्यावर कपडे, एका कोपऱ्यात पत्र्याच्या डबीत कागदपत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचं तिकीट. कडीकोयंड्याला पितळी कुलूप, किल्ली जानव्याला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि संप रीतसर कधी संपलाच नाही. महिने जात राहिले तशा गावकीच्या खोल्यांतल्या चळती एकेका पेटीने उतरायला लागल्या. माणूस गावाला जाताना पिशवी घेऊन गेला तर परत येणार, पेटी घेऊन गेला तर नाही, असा साधा हिशेब होता. आजोबा आधी पिशवी घेऊन गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात येऊन पेटी नेली.

आता ती गावच्या माळ्यावर आहे आणि तिच्यात गणपतीचं सामान असतं. बिजागरी गंजली आहे, झाकण उघडताना कुरकुरतं. कुणालाही ती टाकावीशी वाटलेली नाही. त्याच माळ्यावर एका टीव्हीचं खोकंही आहे. वॉरंटीसाठी जपून ठेवलेलं. टीव्ही केव्हाच भंगारात गेला. हे खोकं मात्र टाकायचं सगळ्यांच्या मनात आहे, फक्त शिडी कुणी लावत नाही.

पेटी म्हटल्यावर निम्म्या महाराष्ट्राला यातलं काहीच आठवणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांना सूर ऐकू येतील. हार्मोनियम हे नाव आपण तिकिटावर आणि पत्रिकेत छापतो, बोलताना म्हणतो पेटी. 'बाजाची पेटी' असं पूर्ण नाव एके काळी होतं, पण त्यातला बाज गळून गेला आणि पेटी उरली. 'ती पेटी छान वाजवते' म्हटल्यावर कुठली पेटी असं कुणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला जन्मलेलं, पायाने वारा भरायचं हे वाद्य. आपल्याकडे आलं आणि मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताच्या भात्याचं झालं. संगीत नाटकांच्या काळात पायपेटीही होती. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी पेटीला नुसत्या साथीतून वर काढलं. आकाशवाणीने मात्र १९४० साली तिला दाराबाहेर उभं केलं. बांधीव सुरांचं वाद्य, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, सुरांच्या मधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. ती बंदी उठायला, आणि तीही अर्धीमुर्धीच, १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनांनी पेटीवाचून एक दिवस काढला नाही. शास्त्राचं काय असेल ते असो, भजनी मंडळाला दोन फुटांच्या लाकडात सगळे सूर एका जागी हवे होते.

पेटी दुरुस्त करणारा माणूस कामाला बसला की पाहण्यासारखं असतं. वरचं झाकण काढलं की आतल्या पितळेच्या जिभल्या ओळीने दिसायला लागतात, बोटाएवढ्या ते नखाएवढ्या. एखादा सूर चढवायचा असला की तो जिभलीच्या टोकाशी पात्याने किंचित खरवडतो, उतरवायचा असला की मुळाशी. इतकं किंचित, की खरवडलेली पितळ बोटाला लागत नाही, कानाला लागते. पावसाळ्यात दमट हवेने एखादा सूर अडकतो आणि भाता हलवला की न विचारता बोलत राहतो. कातड्याला उंदीर लागला तर सगळी पेटीच दम्याच्या रोग्यासारखी घुसमटते. आणि मग अशी दुरुस्त झालेली पेटी ठेवायला लाकडाची आणखी एक पेटी असते. पेटीची पेटी. तिला खोकं म्हणणारा साथीदार मला अजून भेटायचा आहे.

मतपेटीबद्दल थोडंच. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ला झाली तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि आपण कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. वाचता न येणाऱ्यांना सोपं पडावं म्हणून ही तजवीज होती. त्यातल्या लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. २००४ पासून लोकसभेला देशभर यंत्रं आली, तरी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या तरी वर्तमानपत्रात उमेदवारांचं भवितव्य मतपेटीत बंद होतंच. यंत्राला पेटीसारखं कुलूप नाही, त्याला मोहोर लावतात, पण 'बंद' हा शब्द पेटीशिवाय बसत नाही. पेटीत बंद झालेलं कुणी मधल्यामध्ये काढलेलं नसतं, असा भरवसा त्यात आहे. भरवसा खरा की खोटा यावर दर निवडणुकीनंतर भांडण होतं, ते वेगळं.

इथपर्यंत माझा हिशेब बरा चालला होता. उघडते-मिटते ती पेटी, एकदाच फुटतं ते खोकं. तो बिघडवला आंब्याने.

आंब्याची पेटी कुलपाची नाही, बिजागरीची नाही. पातळ फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या, मधल्या फटींतून बाहेर डोकावणारा पेंढा. एका अंगाला काळ्या शाईने बागायतदाराचा मार्का आणि डझनांचा आकडा. फळ मोठं तर चार डझनी, लहान तर पाच-सहा डझनी, म्हणजे पेटीवरचा आकडा जितका मोठा तितका आत आंबा बारका. हे ठाऊक नसलेला माणूस जास्त डझन मिळाले म्हणून खूष होऊन घरी येतो. पेटी घरी आली की कोयत्याचं टोक नाहीतर पक्कड घेऊन वरच्या फळ्या उचकटायच्या, खिळे वाकडेच राहायचे, एखादा हाताला लागायचा. मग ती पलंगाखाली. रोज सकाळी वडील पेंढ्यात हात घालून थर चाचपायचे, तयार झालेले वर काढायचे, डाग पडलेला आज संपवायचा. म्हणजे फोडली तर एकदाच, पण उघडली पंधरा दिवस. आंबे संपल्यावर फळ्या बंबात जायच्या. खोक्याचे सगळे गुण, आणि तरी नाव पेटी.

कोकणात तर पीकच पेट्यांत मोजतात. "यंदा किती?" या प्रश्नाला उत्तर किलोत येत नाही, टनात येत नाही. "दीडशे पेटी गेली असेल." वाशीच्या बाजारात मोसमाची पहिली पेटी कधी उतरली याची दर वर्षी बातमी होते, हारतुरे होतात, फोटो छापून येतो. पुढे पेट्यांची रांग लागते, भाव पडतो आणि दलालाची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, येते. हमाली, वाहतूक वजा जाता उरलेली रक्कम पाहून बागायतदार पट्टी घडी करून खिशात ठेवतो, ती बातमी कुठे नसते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्यानंतर थेट घरी आंबा पाठवणारे वाढले, आणि हा घरपोच आंबा येतो तो पुठ्ठ्यातून. भोकं पाडलेलं, चिकटपट्टी लावलेलं, वर झाडाचं चित्र छापलेलं. कुठल्याही व्याख्येने ते खोकं. पण फोनवर कुणी म्हणत नाही, "दोन खोकी पाठवा." बिस्किटांचं खोकं, साबणाचं खोकं, आंब्याची पेटी. लाकूड गेलं, पेंढा गेला, खिळे गेले, आतला माल तोच राहिला म्हणून नाव टिकलं. मला वाटतं, पेटी म्हणजे काय हे शेवटी आत काय आहे त्यावरून ठरतं. बिजागरी वगैरे आपण नंतर जोडलेलं शहाणपण.

मग पैशांच्या भाषेत हे उलटं का झालं?

मुंबईच्या व्यवहारात एक लाख म्हणजे पेटी आणि एक कोटी म्हणजे खोका. आधी ही भाषा गल्लीतल्या दादांची होती, तिथून बिल्डरांकडे आली, बिल्डरांकडून सिनेमात आणि सिनेमातून आपल्या जेवणाच्या टेबलावर. शंभरपट मोठ्या रकमेला हलका शब्द. माझा एक अंदाज आहे, पुराव्याशिवायचा. शंभराच्या नोटांत लाख रुपये म्हणजे दहा बंडलं. ती नीट रचून एका हाताने उचलता येतील अशा पेटीत मावतात, झाकण लावता येतं. शंभराच्याच नोटांत कोटी म्हणजे हजार बंडलं. पाचशेच्या म्हटल्या तरी दोनशे. एवढी रक्कम रचायची नसते, भरायची असते, आणि भरायला घरात असतं ते टीव्ही-फ्रिजचं खोकं. शिवाय लाख रुपये माणूस मोजून घेतो. कोटी घेणारा मोजत बसत नसावा. अर्थात हे मी दोन्ही न पाहता बोलतोय.

इथे एक गंमत आहे. ऑफिसात 'पेटी कॅश' असते आणि बांधकामावर 'पेटी कंत्राटदार'. दोन्ही पेट्या इंग्रजीतून आल्या आहेत, त्यांचा अर्थ किरकोळ, दुय्यम. पण आपल्या कॅशिअरने ती किरकोळ रोकड हिरव्या पत्र्याच्या एका पेटीत ठेवलेली असते, त्यामुळे तिचं मूळ परदेशी आहे हे त्याला कितीही सांगा, तो पेटीकडे बोट दाखवतो.

खोक्याला खरी प्रसिद्धी मिळाली ती २०२२ साली. जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली, सरकार बदललं, आणि ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांची घोषणा घुमली, "पन्नास खोके, एकदम ओके." आरोप ज्यांच्यावर होता त्यांनी तो फेटाळला, आणि कोण खरं कोण खोटं हे या लेखाचं काम नाही. मला घोषणेचं व्याकरण दिसलं. घरातलं खोकं नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन खोकी. 'पन्नास खोकी' म्हटलं असतं तर लोकांना घर बदलणारं कुटुंब डोळ्यांसमोर आलं असतं. पैशाचा खोका पुल्लिंगी, म्हणून खोके. आणि ओकेशी यमकही जुळलं. त्याच महिन्यात पोळ्याला बैलांच्या पाठीवर ही घोषणा रंगवलेली दिसली. चार-पाच शब्दांचा टोमणा शिवारात इतक्या लवकर पोचल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या सभेत वॉचमनसुद्धा "सामानाचे खोके कुठे ठेवू?" विचारताना हसतो.

पेटीचं कौतुक करता करता खोक्यावर अन्याय व्हायला नको. घर बदलायच्या आठवड्यात वाण्याकडची रिकामी खोकी मिळवायला जी मनधरणी करावी लागते, ती पेटीसाठी कुणी कधी केली नसेल. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा गणपतीची मखरं पुठ्ठ्याने सावरली. रद्दीवाला तर खोक्याकडे कसबाने पाहतो. एका हाताने उलटं धरतो, तळाची पट्टी अंगठ्याने फाडतो, पायाने एक दाब आणि खोकं सपाट. माझ्या मुलीच्या लहानपणी फ्रिजच्या खोक्याचं घर झालं होतं, खिडकी कापलेलं. खेळण्यांच्या पेटीपेक्षा ते जास्त दिवस टिकलं. पेटीत मूल शिरलं तर आपण घाबरून धावतो. खोक्यात शिरलं तर फोटो काढतो.

उलट, सगळ्याच पेट्या कुणा एकाच्या मालकीच्या नसतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ पासून चालू आहे. पुस्तकांनी भरलेली एक पेटी, ती काही महिने एका गटाकडे, मग दुसऱ्या गटाची पेटी यांच्याकडे. सोसायट्यांत, तुरुंगांत, आणि दुबईसारख्या ठिकाणी मराठी माणसं असतील तिथेही ती पोचली. प्रवासात तिच्याभोवती पुठ्ठा येत असेलही, पण लोक वाट पाहतात ती पेटीची.

आणि आता खरा पेच. सांगली-मिरज-कोल्हापूरकडे रस्त्याकडेच्या टपरीला खोकं म्हणतात. पानाचं खोकं, चहाचं खोकं, मोबाइल रिचार्जचं खोकं. वर्तमानपत्रांत 'खोकीधारक' असा शब्द असतो आणि महापालिकेशी त्यांचा वाद वर्षानुवर्षं चालतो. माझ्या ओळखीचा एक पानवाला आहे तिकडे. त्याचं खोकं पत्र्याचं आहे. समोरची फळी बिजागरीवर उघडते, रात्री मिटते, कडीकोयंडा आहे, कुलूप आहे, दर्शनी बाजूला रंगाऱ्याकडून नाव लिहून घेतलेलं आहे, आत देवाचं चित्र आहे, आणि गल्लाही तिथेच. पेटीत जे जे असावं ते सगळं त्यात आहे, वर माणूसही बसतो. मी एकदा बोलता बोलता म्हटलं, "तुमचं दुकान चांगलं चालतंय." त्याने कात लावता लावता मान हलवली. "दुकान कसलं सर, खोकं आहे. अतिक्रमणवाले आले की क्रेनला लावून नेतात. कागद झाला की मग म्हणा दुकान." मग मी सांगितल्याप्रमाणे पानात चुना कमी लावला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.